दात पांढरे करण्याचा माफक दर आणि दवाखान्याची पहिली पायरी

आपल्याकडे बहुतेक लोक दाताच्या दवाखान्याची पायरी चढतात ती दाढ ठणकू लागल्यावर, आणि तीही रात्रभर लवंगेचे तेल लावून, गरम पाण्याच्या गुळण्या करून काही उपयोग झाला नाही म्हणून. काहीही दुखत नसताना केवळ तपासणीसाठी येणारा रुग्ण विरळाच. म्हणून नव्याने दवाखाना टाकणाऱ्या दंतवैद्यापुढे खरा प्रश्न असतो तो दुखणे नसलेल्या माणसाला आत कसे आणायचे, हा. त्यावर गेल्या काही वर्षांत पुष्कळांनी शोधलेले उत्तर म्हणजे परवडणाऱ्या दरात दात पांढरे करून देणे. हे उत्तर मला चुकीचे वाटत नाही. मात्र तो दर कशामुळे कमी ठेवता येतो आणि आलेल्या माणसाचे आपण आधी काय करतो, यावर त्याचे बरेवाईट ठरते. हे दवाखाना चालवणाऱ्याने जसे समजून घ्यायला हवे, तसेच स्वस्त दर ऐकून तिथे जाणाऱ्यानेही समजून घ्यायला हवे.

सुरुवात दातापासूनच करू. दाताचे बाहेरचे कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, अर्धपारदर्शक असते आणि त्याच्या आतला डेंटिनचा थर मुळातच पिवळसर असतो. आपल्याला दाताचा जो रंग दिसतो तो बराचसा या आतल्या थराचा असतो. वय वाढते तसे वरचे आवरण झिजून पातळ होते, आतला थर जाड आणि गडद होतो, आणि म्हणून चाळिशीनंतर रोज नीट दात घासणाऱ्या माणसाचेही दात पूर्वीपेक्षा पिवळे दिसू लागतात. यात अस्वच्छतेचा काही भाग नसतो. चहा, तंबाखू, मशेरी, पान, लोहाच्या औषधांचे द्रावण किंवा क्लोरहेक्सिडिन असलेले माउथवॉश यांचे डाग मात्र दाताच्या वरच्या पृष्ठभागावर बसतात. तिसरा प्रकार दात घडत असतानाच आत शिरलेल्या रंगाचा. लहानपणी टेट्रासायक्लिन गटातील औषधे दिलेल्या मुलांच्या दातांवर करड्या-तपकिरी पट्ट्या येतात, तर पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागात, उदाहरणार्थ यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत, दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी चट्टे दिसतात.

हे तीन प्रकार ओळखण्यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. वरवरचे डाग आणि किटण नेहमीच्या दात साफ करण्याने, म्हणजे स्केलिंग आणि पॉलिशिंगने निघतात. त्यासाठी पांढरे करण्याचे औषध लागतच नाही. दात पांढरे करून घ्यायला आलेल्या माणसाचे दात साफ करून हातात आरसा दिला, की तो कित्येकदा म्हणतो, ‘डॉक्टर, मला एवढेच हवे होते.’ अशा वेळी पुढच्या उपचाराचे पैसे सोडून द्यावे लागतात, आणि ते सोडलेच पाहिजेत. वयामुळे आलेला पिवळेपणा पांढरे करण्याच्या औषधाला उत्तम दाद देतो. टेट्रासायक्लिनच्या पट्ट्या आठवड्यांऐवजी महिने घेतात, आणि फ्लोराइडचे चट्टे पुष्कळदा पूर्णपणे जात नाहीत. उलट आजूबाजूचा दात उजळताना चट्टाही सुरुवातीला अधिक पांढरा दिसतो. स्वस्त दर ऐकून आलेल्या माणसाला हे आधीच सांगितले नाही, तर दोन आठवड्यांनी तो फसवणूक झाली असे समजून परत येतो, आणि त्याचे तसे समजणे रास्त असते.

दात पांढरे होतात म्हणजे काय होते, याविषयीही मोठा गैरसमज आहे. दाताचे आवरण खरवडून पातळ केले जाते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात यात वापरले जाणारे औषध हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा त्याचाच संथ भाऊ कार्बामाइड पेरॉक्साइड हे असते. हे आवरणातील सूक्ष्म छिद्रांमधून आत झिरपते आणि रंग देणाऱ्या मोठ्या सेंद्रिय रेणूंचे बंध तोडून त्यांचे लहान, रंगहीन तुकडे करते. कार्बामाइड पेरॉक्साइड तोंडात युरिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांत विघटित होते, आणि त्यातून मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड मूळ प्रमाणाच्या साधारण एक तृतीयांश असते. म्हणजे 10 टक्क्यांचे कार्बामाइड जेल हे सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडइतके सौम्य असते. हा हिशेब रुग्णांनीही लक्षात ठेवावा, कारण डबीवर 35 टक्के लिहिलेले असले तर ते दोहोंपैकी कशाचे, यावर औषधाची तीव्रता तिपटीने बदलते.

दवाखान्यात हे काम दोन रीतींनी होते. पहिल्या रीतीत रुग्णाला खुर्चीवर बसवून ओठ-गाल बाजूला धरणारे साधन लावतात, हिरड्यांवर संरक्षक थर देऊन तो प्रकाशाने कडक करतात आणि 25 ते 40 टक्क्यांचे तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड पंधरा-वीस मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्यांमध्ये दातांवर ठेवतात. निळा दिवा लावण्याची पद्धत याच रीतीत आहे. दिव्याने परिणामात लक्षणीय भर पडते, याचा भक्कम पुरावा नाही. उठल्याबरोबर दात फार पांढरे दिसतात, त्याचे एक कारण इतका वेळ तोंड उघडे राहिल्याने ते कोरडे पडलेले असतात. ओलावा परतला की काही दिवसांत रंग थोडा उतरतो. म्हणून खरा रंग दोन आठवड्यांनी मोजावा. त्याच दिवशी काढलेले छायाचित्र दाखवून दिलेले आश्वासन टिकत नाही.

दुसरी रीत घरी वापरायच्या साच्याची, म्हणजे दातांवर बसणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या खोळीची, आणि माफक दराचे सगळे गणित याच रीतीवर उभे राहते. तिचा उगम अपघाती आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातील फोर्ट स्मिथ इथल्या विल्यम क्लुस्मायर या वाकडे दात सरळ करणाऱ्या दंतवैद्याने रुग्णाच्या सुजलेल्या हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून दातांवरच्या साच्यात 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जंतुनाशक घालून ते रात्री लावायला सांगितले. हिरड्या सुधारल्या आणि दातही उजळले. पुढे व्हॅन हेवुड आणि हॅराल्ड हेमन या दोघांनी 1989 मध्ये ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली आणि तिथून ती जगभर गेली. दंतवैद्यकात इतके साधे, इतके सौम्य आणि इतकी वर्षे टिकून राहिलेले तंत्र क्वचितच सापडते.

साचा कसा बनतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. अल्जिनेट नावाची पूड पाण्यात कालवून तिचा घट्टसर लगदा तोंडात दोन-तीन मिनिटे धरला, की दातांचे माप उमटते. त्या मापात डेंटल स्टोन, म्हणजे प्लास्टरसारखे कडक होणारे मिश्रण, ओतून दातांची प्रतिकृती करतात. मग सुमारे एक मिलिमीटर जाडीचा मऊ प्लास्टिकचा पत्रा यंत्रात तापवतात. तो मध्यभागी फुगा लोंबावा तसा खाली आला, की प्रतिकृतीवर दाबून खालून हवा ओढून घेतात आणि पत्रा प्रत्येक दाताच्या खाचाखोचांत चिकटून बसतो. शेवटी बारीक कात्रीने हिरडीच्या कडेपाशी तो कापायचा. सगळे कसब या कापण्यात आहे. कड हिरडीवर चढली, तर जेल तिथे साठून हिरडी पांढरी पडते आणि चुरचुरते. फार आत कापली, तर लाळ शिरून औषध वाहून जाते. रुग्णाने रोज रात्री प्रत्येक दाताच्या समोरच्या भागात भाताच्या शितापेक्षा मोठा नाही इतका थेंब घालायचा, साचा बसवायचा, बाहेर आलेले जेल बोटाने किंवा ब्रशने पुसून टाकायचे आणि झोपायचे. दोन तासांनंतरही या सौम्य जेलमधले निम्म्याहून अधिक औषध कार्यरत असते, म्हणून ते रात्रभर ठेवण्यात अर्थ असतो. साधारण दोन आठवड्यांत अपेक्षित रंग येतो.

आता पैशांचे पाहू. आकडे केवळ समजण्यापुरते घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे आकडे घालून पाहावेत. समजा, भाडे, मदतनिसाचा पगार, वीज आणि खुर्चीच्या कर्जाचा हप्ता मिळून एका दवाखान्याचा महिन्याचा खर्च 90,000 रुपये आहे आणि खुर्ची महिन्याला 180 तास वापरता येते. म्हणजे खुर्चीच्या एका तासाची किंमत 500 रुपये झाली, मग तिच्यावर रुग्ण असो वा नसो. खुर्चीवर बसवून दात पांढरे करायला तयारीसकट दीड तास गेला, तर 750 रुपये वेळेचे आणि तीव्र औषधाच्या संचाचे समजा 3,000 रुपये, असा दंतवैद्याचे मानधन धरण्याआधीच 3,750 रुपये खर्च होतो. साच्याच्या रीतीत माप घ्यायला पंधरा मिनिटे आणि साचा देऊन समजावून सांगायला अर्धा तास, म्हणजे वेळेचे 375 रुपये. पत्रा, माप आणि जेलच्या सिरिंजा यांचे समजा 1,200 रुपये. एकूण 1,575 रुपये. या रीतीत 2,500 रुपये घेतले तरी दंतवैद्याला काही उरते आणि रुग्णालाही दर परवडतो. दर माफक आहे तो पद्धत साधी असल्यामुळे. कुणाच्या तरी खिशातून तूट भरून काढावी लागत नाही.

ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खर्चापेक्षाही कमी दर लावून गर्दी जमवणाऱ्याला ती तूट कुठून तरी भरून काढावी लागते, आणि ती भरून काढण्याची घाई हळूहळू निदानात शिरते. मग एरवी ‘लक्ष ठेवू’ असे म्हटले असते त्या बारीक काळ्या रेषेत फिलिंग सुचवले जाते, आणि फिलिंगने भागले असते तिथे कॅप. रुग्णाला ते कळत नाही, पण दंतवैद्याला कळते. म्हणून दर असा ठरवावा की आलेल्या माणसाने पांढऱ्या दातांपलीकडे एका पैचेही काम करून घेतले नाही तरी आपला तोटा होणार नाही. तसे असेल तरच ‘तुमचे बाकीचे दात उत्तम आहेत, काही करायची गरज नाही’ हे वाक्य मोकळेपणाने तोंडातून निघते. माझ्या अनुभवात नवा रुग्ण कायमचा आपला होतो तो याच वाक्याने.

अमेरिकेत काही दंतवैद्य यापुढे जाऊन नव्या रुग्णाला साचे बनवून देतात आणि तो दर सहा महिन्यांनी तपासणी व दात साफ करण्यासाठी येत राहील तोवर प्रत्येक वेळी जेलची एक सिरिंज विनामूल्य देतात. यामागचे गणित सरळ आहे. साचा एकदाच बनवावा लागतो, सिरिंज स्वस्त असते आणि पांढरा रंग काही महिन्यांपासून दोन-तीन वर्षांत पुन्हा थोडा मंदावतोच, तेव्हा अधूनमधून एक-दोन रात्री साचा लावावा लागतो. रुग्णाला नियमित येण्याचे कारण मिळते आणि त्याच्या हिरड्यांची, जुन्या फिलिंगची तपासणी आपोआप होत राहते. मात्र ही रीत उचलताना आपल्याकडचा नियम विसरून चालणार नाही. भारतीय दंत परिषदेच्या 2014 च्या आचारसंहितेनुसार रुग्ण मिळवण्यासाठी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरातबाजी करण्यास मनाई आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला अशा मोजक्या गोष्टींची औपचारिक घोषणा करता येते. चौकात ‘अवघ्या इतक्या रुपयांत’ असा फलक लावणे त्यात बसत नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणेही संहितेला मान्य नाही. लग्नसराईत नवरीचा मेकअप करणाऱ्या ताईंकडून ‘माझ्याकडच्या मुली तुमच्याकडे पाठवते, माझे काय ते बघा’ असा निरोप येतो, तेव्हा नम्रपणे नाही म्हणावे लागते.

मग लोकांना कळणार कसे? आपल्याकडे आधीच येणाऱ्या रुग्णांना सांगून. आईच्या दाढेचे रूट कॅनल चालू असताना सोबत आलेली मुलगी बाकावर बसलेली असते. तिथे भिंतीवर दात पांढरे करण्याची माहिती, कोणाला उपयोग होतो, कोणाला होत नाही आणि किती खर्च येतो, हे मराठीत स्वच्छ लिहिलेले असले, तर ती वाचते आणि विचारते. तोंडी प्रसिद्धीचा वेग कमी असतो, पण तिच्यातून येणारा माणूस निम्मी माहिती घेऊनच येतो.

औषधाच्या तीव्रतेविषयी युरोपीय संघाचे नियम स्पष्ट आहेत. तिथे 31 ऑक्टोबर 2012 पासून 0.1 टक्क्याहून अधिक आणि 6 टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादने केवळ दंतवैद्यांना विकता येतात, पहिला वापर दंतवैद्याच्या हातून किंवा देखरेखीखाली व्हावा लागतो आणि 18 वर्षांखालील व्यक्तीसाठी ती वापरता येत नाहीत. अमेरिकेत याच विषयावरून मोठा खटला झाला. नॉर्थ कॅरोलायना राज्यात 2003 च्या सुमारास दंतवैद्य नसलेले लोक कमी दरात दात पांढरे करून देऊ लागले, तेव्हा दंतवैद्यकाचे नियमन करणाऱ्या तिथल्या दंत मंडळाने त्यांना काम बंद करण्याची पत्रे धाडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2015 मध्ये मंडळाच्या विरोधात निकाल लागला, कारण मंडळावर बहुसंख्य सदस्य स्वतः व्यवसाय करणारे दंतवैद्य होते आणि त्यांच्या निर्णयावर राज्याची पुरेशी देखरेख नव्हती. स्वस्त स्पर्धकाला नुसत्या बंदीने रोखता येत नाही, असा बोध मी त्यातून घेतला. आपल्याकडे तपासणी करणारा डोळा आहे आणि त्याच्याकडे तो नाही, हे रुग्णाला पटले पाहिजे.

त्या डोळ्याचे महत्त्व एका तरुणाने मला दाखवून दिले. त्याला सगळे दात पांढरे करून हवे होते. तक्रार काहीच नव्हती. समोरचा एक दात बाकीच्यांपेक्षा किंचित करडा होता. विचारल्यावर म्हणाला, शाळेत असताना सायकलवरून पडलो होतो. एक्स-रे काढला, तर त्या दाताच्या मुळाच्या टोकाशी मसुराएवढी काळी सावली होती. दात केव्हाच मृत झाला होता आणि आत न दुखणारा संसर्ग वाढत होता. असा दात वरून कितीही जेल लावले तरी उजळत नाही. आधी रूट कॅनल करावे लागते आणि मग आतून औषध ठेवून तो पांढरा करता येतो. दिवा लावून तासाभरात पांढरे करून देणाऱ्या ठिकाणी तो गेला असता, तर एक दात करडाच का राहिला एवढेच कोडे घेऊन परतला असता.

दुसरा प्रसंग माझ्या चुकीचा आहे आणि तो सांगायलाच हवा. साखरपुडा झालेली एक मुलगी लग्नाला दोन महिने असताना आली. वरच्या समोरच्या दोन दातांपैकी एकावर कॅप होती. कॅप, फिलिंग, व्हिनियर (दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेला पातळ कृत्रिम थर) यांवर पेरॉक्साइडचा काहीही परिणाम होत नाही, हे मी तिला घाईत एका वाक्यात सांगितले. त्याचा अर्थ काय, हे आरशात दाखवून सांगितले नाही. दोन आठवड्यांनी तिचे सगळे दात सुरेख उजळले आणि पूर्वी कुणाच्या लक्षातही न येणारी ती कॅप पिवळी उठून दिसू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आले. पांढरे केल्यानंतर दातात प्राणवायूचा अंश राहतो आणि तो चिकटवण्याच्या सिमेंटच्या पकडीत अडथळा आणतो, म्हणून आणखी दोन आठवडे थांबून मी माझ्या खर्चाने कॅप बदलून दिली. तेव्हापासून मी रंगपट्टीतला आजचा रंग आणि अपेक्षित रंग असे दोन नमुने कॅपशेजारी धरून, खिडकीच्या उजेडात रुग्णाला दाखवतो, आणि कॅप बदलण्याचा खर्च धरून एकूण रक्कम लिहून देतो. स्वस्त म्हणून सुरू झालेले काम शेवटी किती रुपयांना पडेल, हे पहिल्याच दिवशी कळण्याचा रुग्णाला हक्क आहे.

उपचार चालू असताना थंड पाणी झोंबणे ही सर्वसाधारण तक्रार असते आणि ती बहुधा काही दिवसांत जाते. एक रात्र सोडून साचा लावला किंवा पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट वापरली, की आराम पडतो. किडलेला दात, उघडी पडलेली मुळे किंवा सुजलेल्या हिरड्या असतील, तर ते आधी बरे करावे. गरोदरपणात हा उपचार पुढे ढकलणेच शहाणपणाचे. पहिले काही दिवस रंग धरणारे पदार्थ टाळायला सांगतात. इथे आपल्या स्वयंपाकाची अडचण होते, कारण चहा सोडणे एकवेळ जमते, पण हळद वरणात असते, भाजीत असते आणि पोह्यांतही असते. दहीभात, दूधभात, इडली, भाकरीबरोबर लोणी असे पर्याय मी लिहून देतो. लिंबू आणि सोडा दातांवर चोळण्याचा घरगुती उपाय मात्र कुणी करू नये. लिंबाच्या आम्लाने आवरण विरघळते, ते पातळ झाले की आतला पिवळा थर अधिकच दिसू लागतो आणि गेलेले आवरण परत येत नाही.

सहा महिन्यांनी माणूस साच्याची डबी घेऊन सिरिंज न्यायला येतो, तेव्हा त्याला नुसती सिरिंज देऊन पाठवू नये. खुर्चीवर बसवावे, दात साफ करावेत, साच्याची कड हिरडीला लागते का ते पाहावे आणि आरशाने गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा नीट पाहाव्यात. सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्याला तोंड पूर्ण उघडायला सांगून स्वतःची तीन बोटे उभी आत मावतात का, ते बघायला लावावे. मावत नसतील आणि गालाचा आतला भाग पांढुरका, ताठर लागत असेल, तर त्या दिवशी जेलचा विषय बाजूला ठेवायचा आणि सुपारी आजपासून बंद करणे व तोंडाच्या तज्ज्ञ शल्यचिकित्सकाला दाखवणे, एवढेच बोलायचे.